प्रोफेसर केळफा

पाठपरिचय

गावोगावच्या जत्रांत आणि शहरांतील नाट्यगृहांत होणारे जादूचे प्रयोग आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेले असतात. बोलता बोलता प्रेक्षकांना हसवणारा आणि हसवता हसवता त्यांना चकवणारा जादूगार लहानथोर सर्वांनाच हवाहवासा वाटतो. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखले जाणारे दादासाहेब फाळके हेही एके काळी रंगमंचावर असेच जादूचे प्रयोग करीत असत. ही जादू त्यांना पुढे आयुष्यभर कशी उपयोगी पडली आणि वयाच्या चाळिशीनंतर एक संपूर्ण नवी विद्या त्यांनी कशी आत्मसात केली, हे या पाठातून तुम्हांला समजेल.

मूळ पाठ

१९०१ सालाच्या अखेरीस एक नवा जादूगार लोकांसमोर जाहीर प्रयोग करू लागला. त्याचे नाव होते प्रोफेसर केळफा. त्या काळी जादूगाराने स्वतःला प्रोफेसर म्हणवून घेण्याची पद्धतच होती. परंतु केळफा हे आडनाव मात्र कोणी कधी ऐकलेले नव्हते. ऐकणाऱ्याला वाटावे, हा कोणी दूरदेशीचा पाहुणा असावा. प्रत्यक्षात तो नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथील एका शास्त्रीबुवांचा मुलगा होता. फाळके या आडनावाची अक्षरे उलट्या क्रमाने मांडली की केळफा हे नाव तयार होते. धुंडिराज गोविंद फाळके यांनी जादूचा पहिला प्रयोग आपल्या आडनावावरच केला होता, असे म्हणायला हरकत नाही.

धुंडिराज यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि फाळके कुटुंब मुंबईला आले. शास्त्र्याच्या घरातील मुलाने पोथ्या वाचाव्यात, पाठांतर करावे, अशी त्या काळची रीत होती. धुंडिराज यांचे मन मात्र रंगांत आणि चित्रांत रमत असे. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील चित्रकलेचा अभ्यासक्रम पूर्ण करून ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेले. तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि छपाईच्या निरनिराळ्या पद्धती शिकून घेतल्या. १८९२ साली अहमदाबाद येथे भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. वयाच्या बाविसाव्या वर्षीच रंगमंच त्यांच्या मनात घर करून बसला होता, असे यावरून दिसते.

छायाचित्रकार म्हणून पोट भरण्याच्या विचाराने फाळके गुजरातमधील गोध्रा या गावी गेले. तेथे त्यांच्यावर मोठा आघात झाला. १९०० साली प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावले. खचलेल्या मनाने ते बडोद्याला परतले आणि त्यांनी पुन्हा छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. परंतु तेथे एक वेगळेच संकट उभे राहिले. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि छायाचित्र काढून घेणारा माणूस लवकर मरतो, अशी समजूत शहरात पसरली होती. साध्या माणसांचीच नव्हे, तर राजघराण्यातील व्यक्तीचीही अशीच भावना होती. फाळके यांनी दरबारात जाऊन छायाचित्रणाचे फायदे समजावून सांगितले. त्यांचे म्हणणे तेथे पटले; पण गिऱ्हाइके काही वाढली नाहीत. अखेरीस व्यवसाय गुंडाळून त्यांना नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्याचे काम पत्करावे लागले.

पडदे रंगवता रंगवता नाटकाची सर्व अंगे त्यांना जवळून पाहायला मिळाली. त्याच सुमारास एक जर्मन जादूगार आपले प्रयोग करीत बडोद्याला आला होता. फाळके त्याच्याकडे जादू शिकले. ज्या यंत्रामागे काहीही गूढ नव्हते, त्या कॅमेऱ्याला लोक घाबरत होते आणि जेथे सारा खेळच चकव्याचा होता, तेथे मात्र तेच लोक हौसेने गर्दी करीत होते. हा विरोधाभास फाळके यांनी अगदी जवळून अनुभवला होता.

जादू म्हणजे मंत्रतंत्र नव्हे. जादूगाराचा एक हात हवेत फिरत असतो, तेव्हा त्याचा दुसरा हात खरे काम करीत असतो. प्रेक्षकाने कोठे पाहावे आणि कोठे पाहू नये, हे जादूगारच ठरवत असतो. त्यासाठी तो गमतीदार बोलतो, मध्येच फजिती झाल्याचा आव आणतो आणि सभागृह हसत असतानाच आपला डाव साधून घेतो. हातचलाखी, अचूक वेळ आणि माणसाच्या मनाची पारख ही या कलेची तीन अंगे होत. प्रोफेसर केळफा यांनी ती आत्मसात केली. हे नाव घेऊन त्यांनी काही काळच प्रयोग केले, परंतु ही तीन अंगे त्यांच्यापासून कधीही दूर झाली नाहीत.

१९०२ साली फाळके यांचा दुसरा विवाह झाला. गिरिजा करंदीकर या किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या भाची होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. संसार सुरू झाल्यावर नियमित उत्पन्नाची गरज भासू लागली. १९०३ साली फाळके सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरीला लागले. काही वर्षांनी ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळा येथे छापखाना काढला. प्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची कामेही त्यांनी केली. पुढे छापखाना दादरला आला आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीलाही जाऊन आले. व्यवसायात जम बसला आहे असे वाटत असतानाच भागीदारांशी त्यांचे मतभेद झाले. आपणच नावारूपाला आणलेला छापखाना सोडून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

१९११ सालच्या एप्रिल महिन्यात, ईस्टरच्या दिवसांत, ते आपल्या थोरल्या मुलाला घेऊन गिरगावातील एका तंबूत चलच्चित्र पाहायला गेले. पडद्यावर प्राणी हिंडताफिरताना पाहून मुलगा हरखून गेला. घरी येऊन त्याने सांगितलेली हकीगत कोणालाही खरी वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके घरच्या मंडळींना घेऊन पुन्हा तेथे गेले. त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट दाखवला जात होता. पडद्यावर ख्रिस्ताची कथा चालली होती आणि फाळके यांच्या मनात राम आणि कृष्ण यांच्या कथा उभ्या राहत होत्या. आपल्या देशातील कथा आपल्या देशातील माणसांनी अशा प्रकारे पडद्यावर का आणू नयेत, या एका विचाराने त्यांना पछाडले.

ही विद्या शिकवणारी शाळा त्या वेळी देशात कोठेही नव्हती. फाळके यांनी स्वतःच स्वतःची शाळा काढली. रोज संध्याकाळी तासन्‌तास ते चित्रपट पाहू लागले. घरी एक छोटा कॅमेरा आणून रात्रंदिवस प्रयोग करू लागले. झोप नाही, विश्रांती नाही, अशा स्थितीत त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांची दृष्टी गेली. ज्याचे सारे आयुष्यच डोळ्यांवर अवलंबून होते, त्याच्यावर यापेक्षा मोठे संकट कोणते असणार? उपचारांनी दृष्टी परत आली आणि फाळके पुन्हा कामाला लागले. आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांशी त्यांची ओळख झाली आणि त्यांच्या मदतीने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ पाहायला मिळाला. विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून ते एप्रिल महिन्यात मायदेशी परतले.

भांडवल देणाऱ्यांना नुसत्या शब्दांवर विश्वास ठेवायला सांगून चालणार नव्हते. फाळके यांच्यातील जादूगाराने यावर उपाय शोधला. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवला. ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत त्यांनी महिन्याभराची वाढ टिपली. पडद्यावर ती चित्रे सलग फिरू लागताच लोकांच्या डोळ्यांदेखत बी रुजले, अंकुर वर आला आणि त्याचा वेल झाला. आंब्याची कोय पुरून क्षणात रोप काढून दाखवण्याचा खेळ आपल्याकडील रस्त्यावरचे जादूगार पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. फाळके यांनी तोच खेळ केला. फरक इतकाच, की येथे रोप खरोखरीच वाढलेले होते. हा प्रयोग पाहून पैसे मिळण्याची वाट मोकळी झाली. तरीही कमी पडले, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने गहाण ठेवण्यासाठी काढून दिले.

'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे काम सुरू झाले. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे येईना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाची निवड झाली. दत्तात्रय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र झाले आणि रोहिदासाची भूमिका फाळके यांच्या मुलाने केली. सरस्वतीबाई साठसत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, कपडे धूत आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. रात्री काळोखात फिल्मला कडेने भोके पाडण्याचे काम त्या करीत. फिल्म धुण्याची रसायने मिसळायलाही त्या शिकल्या. त्यांचे नाव पडद्यावर झळकले नाही; परंतु त्यांच्या श्रमांवाचून हा चित्रपट पुरा झाला नसता.

या काळातील एक गमतीदार हकीगत सांगितली जाते. चित्रीकरणासाठी ही मंडळी वांगणी येथे गेली असता, ढाली-तलवारी बाळगणारे हे लोक दरोडेखोर असावेत, असा गावकऱ्यांचा समज झाला. फौजदाराने सर्वांना अडकवून ठेवले. फाळके तेथे पोहोचले आणि त्यांनी सारा प्रकार समजावून सांगितला. पण चित्रपट म्हणजे काय, हेच जेथे ठाऊक नाही, तेथे शब्द अपुरे पडले. तेव्हा त्यांनी कॅमेरा उभा केला आणि नटांकडून एक प्रसंग करवून घेतला. कॅमेऱ्यात फिल्म घातलेलीच नव्हती! रिकाम्या कॅमेऱ्याच्या त्या खेळाने फौजदाराची खात्री पटली आणि मंडळींची सुटका झाली.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांच्या परिश्रमांनंतर ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी तो निमंत्रितांना दाखवण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रपटगृहात सर्वांसाठी प्रदर्शित झाला. त्या दिवसाचा कार्यक्रम आज वाचला, तर नवल वाटते. चित्रपटाच्या जोडीला एका परदेशी नर्तकीचे नृत्य होते, एक विनोदी प्रवेश होता आणि पायांवर वस्तू झेलून दाखवणाऱ्या कसरतपटूचा खेळही होता. हरिश्चंद्राची करुण कथा अशा रीतीने हास्य आणि करमणूक यांच्या सोबतीने लोकांपुढे आली. त्या काळचे प्रेक्षक असेच मिश्र खेळ पाहायला सरावलेले होते आणि केवळ पडद्यावरच्या सावल्यांसाठी ते पैसे मोजतील, याची कोणालाच खात्री नव्हती. परंतु लोकांना हरिश्चंद्र आवडला आणि खेळांचा मुक्काम वाढवावा लागला.

सुरत शहरात मात्र पहिल्या दिवशी अवघे तीन रुपये जमले. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकांना दीड तासाचा खेळ महाग वाटत होता. भागीदाराने खेळ लांबवण्याचा आग्रह धरला. फाळके यांनी खेळाला हात लावला नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा खेळ, अशी ती जाहिरात होती. तीन रुपयांचे उत्पन्न तीनशेवर गेले. या जाहिरातीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एका फुटात सोळा चित्रे धरली, तर ३,७०० फुटांत एकोणसाठ हजारांच्या आसपास चित्रे होतात. म्हणजे छायाचित्रांची संख्या जवळजवळ खरी होती. मैल मात्र ५,२८० फुटांचा असतो; त्यामुळे ही फिल्म एक मैलसुद्धा भरत नव्हती. एका हातात सत्य आणि दुसऱ्या हातात चकवा घेऊन प्रोफेसर केळफा येथे पुन्हा प्रकट झाले होते.

यानंतर फाळके यांनी आपला मुक्काम नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर' या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रियांसाठी पडद्याचे दार उघडले. या चित्रपटाबरोबर 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपटही दाखवला जात असे. प्रेक्षकाला आधी हसवावे आणि मग त्याला अद्भुताकडे न्यावे, ही जादूगाराची रीत त्यांनी येथेही पाळली. १९१४ साली लंडनमध्ये त्यांचे चित्रपट दाखवले गेले. तेथेच राहून चित्रपट काढण्याचे निमंत्रण त्यांना मिळाले. परंतु आपला उद्योग आपल्याच भूमीत वाढावा, या इच्छेने त्यांनी ते नाकारले. १९१७ सालच्या 'लंकादहन' या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मारुतीचे उड्डाण पाहायला लोकांची रीघ लागली. १९१९ सालच्या 'कालिया मर्दन' या चित्रपटात फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

देव एकाएकी प्रकट होणे आणि अदृश्य होणे, हे चमत्कार पडद्यावर कसे घडत असत? कॅमेरा चालू असताना मध्येच थांबवायचा, इतर नटांनी जागचे हलायचे नाही, एकाने मात्र बाजूला व्हायचे आणि मग कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर तो नट क्षणात नाहीसा झालेला दिसतो. एकाच फिल्मवर दोन वेळा चित्रे घेतली, की माणसाच्या अंगातून दुसरी आकृती बाहेर पडताना दिसते. फ्रान्समध्ये झॉर्ज मेलिएस यांनी असेच प्रयोग त्याआधी केले होते आणि तेही मूळचे रंगमंचावरचे जादूगारच होते. जगाच्या दोन टोकांना दोन जादूगारांनी कॅमेऱ्यातील किमया ओळखली, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. डोळ्यांना काय दिसते आणि मन काय मानते, यांतील अंतर जादूगाराइतके कोणाला ठाऊक असणार?

तथापि, फाळके यांचे वेगळेपण याच्याही पुढे आहे. जादूगार आपले रहस्य कधी सांगत नाही. फाळके यांनी चित्रपट कसे तयार करतात, हे दाखवणारा चित्रपटच काढला. पटलेखन, तालीम, चित्रीकरण आणि फिल्मची जुळणी करणारे फाळके त्यात स्वतः दिसतात. 'कालिया मर्दन'च्या प्रारंभी मंदाकिनी आधी साध्या मुलीच्या रूपात निरनिराळे भाव दाखवते आणि मगच तिचा कृष्ण होतो. प्रोफेसर केळफाच्या वेशात स्वतः जादू करतानाचा एक छोटा चित्रपटही त्यांनी केला. कॅमेऱ्याच्या भीतीमुळे एके काळी ज्यांचा व्यवसाय बुडाला होता, त्यांनी त्याच कॅमेऱ्याचे अंतरंग लोकांपुढे मोकळे केले. अज्ञानातून भीती जन्मते आणि भीतीला उत्तर केवळ ज्ञानाचेच असते, हे त्यांनी भोगून जाणले होते.

उत्तरायुष्य मात्र त्यांना सुखाचे गेले नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी त्यांचे पटेना. ते सर्व सोडून काशीला गेले, तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले आणि काही काळाने पुन्हा नाशिकला परतले. पुढे बोलपट आले आणि मूकपटांचे युग संपले. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या आश्रयाने त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट १९३७ साली पूर्ण केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. ज्यांनी या उद्योगाचा पाया घातला, त्यांना त्या उद्योगाच्या भरभराटीत वाटा मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने भारत सरकार १९६९ सालापासून चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देत आले आहे. त्यांच्या जीवनावरील 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी चित्रपट २००९ साली तयार झाला.

चित्रकार, छायाचित्रकार, जादूगार, मुद्रक आणि चित्रपटकार अशा अनेक भूमिका फाळके यांनी एका आयुष्यात केल्या. प्रत्येक वेळी त्यांना पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली आणि आधी शिकलेली कोणतीही विद्या त्यांनी वाया जाऊ दिली नाही. पडदे रंगवताना कळलेला रंगमंच, छपाईने शिकवलेली रसायने आणि जादूने दिलेली मनाची पारख ही सारी शिदोरी 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कामी आली. वय उलटून गेले, आता काय शिकायचे, असे वाटण्याजोग्या वळणावर त्यांनी पुन्हा विद्यार्थी होण्याचे धैर्य दाखवले. प्रोफेसर केळफा यांचा सर्वांत मोठा प्रयोग कोणता, असे विचारले, तर उत्तर हेच द्यावे लागेल. त्या प्रयोगात हातचलाखी मुळीच नव्हती.

पाठावर आधारित प्रश्न

१. केळफा हे नाव कसे तयार झाले?
२. बडोद्यात फाळके यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय का चालला नाही?
३. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटासाठी सरस्वतीबाईंनी कोणकोणती कामे केली, ते लिहा.
४. सुरतेच्या जाहिरातीतील कोणता भाग खरा होता आणि कोणता अतिशयोक्तीचा, ते हिशेबासह स्पष्ट करा.
५. आधी शिकलेली एखादी गोष्ट पुढे वेगळ्याच कामात उपयोगी पडल्याचा तुमचा अनुभव आठ ते दहा ओळींत लिहा.